निर्व्यसनी जावई

आमच्या घरात येणारा प्रत्येक पुरुष आधी आईच्या नाकाखालून जायचा. दूधवाला, आमचे काका, ताईच्या शाळेतले मास्तर, कुणालाही सूट नव्हती. आई दार अर्धं उघडायची, एक हात चौकटीवर ठेवायची आणि म्हणायची, "फुंकर मारा." माणूस अगदीच परका असेल तर तसं तोंडावर म्हणायची नाही. काहीतरी निमित्त काढून जवळ उभी राहायची, आणि तेवढ्यात तिचं काम होऊन जायचं. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला वाटायचं, ह्या बाईंना कमी ऐकू येतं म्हणून एवढ्या जवळ येतात. तो बिचारा ओरडून बोलायचा. आईला तेच हवं असायचं.

हे नाक तिला आमच्या वडिलांनी दिलं. वडील रंगाच्या कारखान्यात रंग कालवायला होते. हाताला कसब होतं म्हणतात. मला आठवतो तो फक्त त्यांच्या सदऱ्याचा वास, रंगाचा आणि त्याच्याखाली दारूचा. आई आधी रडली, मग भांडली, मग एक दिवस दोन्ही बंद करून तिनं नियम केला: वास आला तर दार उघडणार नाही. मग वडील जिन्यात झोपायला लागले. शेजाऱ्यांनी बोंब मारल्यावर जिनाही बंद झाला.

एका दुपारी ते आले होते, तेव्हा ताई आणि मी घरातच होतो. बेल वाजली. आई दाराशी गेली आणि साखळी न काढताच म्हणाली, "फुंकर मारा." बाहेरून काहीच आलं नाही. दाराखालच्या फटीत बुटांची सावली दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही, आणि मग निघून गेली. त्यानंतर वडील आम्हाला दिसले नाहीत. पुढे दुसऱ्याच कुठल्या गावच्या इस्पितळातून निरोप आला, तोही सगळं उरकून झाल्यावर. आई त्यावर बोलत नसे. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "दार मी लावलं. पण बाहेर ते स्वतःच्या पायांनी गेले."

त्यामुळे ताईच्या लग्नाचं बघायला लागल्यावर आईची अट एकच होती. रूप कसंही असो, पगार बेताचा असो, घरात दहा माणसं असोत, मुलगा निर्व्यसनी पाहिजे. आलेल्यांपैकी एकाला तिनं खोकल्याच्या औषधाच्या वासावरून परत पाठवलं. पुढे माझ्या वाट्याला आलेले दोघंही उंबऱ्यावरूनच परत गेले. त्यातला एक पेपरमिंट चघळत आला होता, म्हणजे नक्की काहीतरी लपवत असणार. ह्याबद्दल आईचे आभार मानायचे की तिच्याशी भांडायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

भाऊजी मात्र पहिल्या झटक्यात पास झाले. आईनं "फुंकर मारा" म्हटल्यावर त्यांनी का, कशाला, असं काही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी अशी जोरात फुंकर मारली, की आईच्या कपाळावरचे केस उडाले. आईनं दोनदा वास घेतला.

"लवंग?" तिनं विचारलं.

"कामाचा वास आहे, आई. मी कवळ्या करतो."

आणि मग, लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच, त्यांनी आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमची वरची दाढ हलतेय. वर्ष संपायच्या आत पडेल. लावा पैज."

आई सहसा हसत नसे, पण त्या दिवशी हसली. दाढ वर्ष संपायच्या आत पडली, आणि जावई हुशार आहे हे आईच्या लेखी कायमचं सिद्ध झालं. आता मागे वळून बघताना मला त्या दाढेचा राग येतो. ती जरा तग धरून राहिली असती तर काय बिघडलं असतं?

भाऊजी हा माणूस आवडू नये असा नव्हताच. ठेंगणे, गोल, बोटं जाडजूड, पण काम असं नाजूक की बघत राहावं. लग्नानंतर दोघं आमच्याच घरात राहिले, आणि आईनंच रस्त्याकडची खोली त्यांना कामाला दिली. तिथल्या फळ्यांवर गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लॅस्टरचे होऊन ओळीनं बसलेले असायचे. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे. त्या मापात भाऊजी प्लॅस्टर ओतायचे, त्यावर मेणाची हिरडी चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचे. मग डॉक्टर ते मेण माणसाच्या तोंडात घालून बघायचे, आणि पसंत पडलं की पक्की कवळी व्हायची. "माणसाचं हसू आधी मेणाचं असतं," असं भाऊजी म्हणायचे. रस्त्यानं जाताना समोरून कुणी हसलं, की ते मला कोपरानं ढोसून हळूच सांगायचे, "वरचे आपले, खालचे त्यांचे."

पैजेचं म्हणाल तर ते त्यांचं बोलणंच होतं. दुसरा माणूस "बघा हं" म्हणतो तिथे हे "लावा पैज" म्हणायचे. दूध आधी उतू जाईल की आधी बेल वाजेल, लावा पैज. कोपऱ्यावरून आधी लाल गाडी येईल की पांढरी, लावा पैज. घरात हसू पिकायचं. शेजारच्या काकू त्यांना तोंडावर पैजवाले म्हणायच्या. आजार चारचौघांत मोठ्यानं बोलत होता आणि आम्ही टाळ्या देत होतो. पण ते तेव्हा कुणाला कळणार? असल्या गमती करणारी माणसं घरोघरी असतात, आणि त्यांचं काही वाकडं होत नाही.

मग आईचे दात काढावे लागले. सगळेच. हिरड्या भरून आल्यावर भाऊजींनी स्वतः तिचं माप घेतलं. खरं तर माप घेणं डॉक्टरांचं काम, पण सासूबाईंच्या तोंडाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट होता. आईनं दातांचे म्हणून पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी आधी कानावर हात ठेवले, आणि मग घेतले. "आई, असे दात करतो की सफरचंद अख्खं खाल. लावा पैज."

ती पैज ते हरले. महिने जात राहिले आणि आई दुधात बुडवलेला पाव खात राहिली.

आधी म्हणाले, तिला शोभतील असे दात बाजारात नाहीत. मग म्हणाले, घासायची मोटर बिघडली, दुरुस्तीला टाकली आहे. मोटरची जागा टेबलावर रिकामीच राहिली. मग ताईच्या गळ्यातली चेन हरवली. बाहेर ओट्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर रोज येऊन बसायला लागले, तोंडाला रुमाल लावून. त्यांच्या नातीचं लग्न होतं आणि फोटोत त्यांना हसायचं होतं. लग्न झालं, फोटो निघाले. पोस्टमास्तर सगळ्या फोटोंत रुमालासकट आहेत.

आईनं जावयाची तपासणी कधी सोडली नाही. भाऊजी बाहेरून आले की आई दारात, आणि भाऊजी आपणहून फुंकर मारायचे. "लवंग," आई म्हणायची, आणि समाधानानं आत जायची. पोस्टमास्तरांनी एकदा तिच्याकडे तक्रार केली, तर तिनं त्यांनाच झापलं. "माझा जावई धुतल्या तांदळासारखा आहे. कामाचा ताण असतो माणसाला." भाऊजींनी सामान आणायला म्हणून काही मागितलं की ती कपाट उघडून द्यायची आणि वर आम्हाला सुनवायची, "पिणाऱ्याला दिले असते का मी?"

ताईला भलताच संशय होता. भाऊजी जेवता जेवता उठून न्हाणीघरात जायचे ते लवकर बाहेर यायचेच नाहीत. फोन उशाखाली. कुणी सहज हातात घेतला तर अंगावर धावून यायचे, आणि हा माणूस कधी मांजरावरसुद्धा ओरडला नव्हता. मग मधेच एखाद्या दिवशी टोपलीभर फळं, आईला शाल, मला पर्स, ताईला फुलं, आणि तोंडावर दिवाणखाना उजळून टाकणारं हसू. दुसऱ्याच दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड.

"कुणीतरी आहे गं," ताई मला म्हणाली. "बाईच असणार."

मी कपडे धुवायच्या दुकानात काउंटरवर बसते, ड्रायक्लीनिंगच्या. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं ते सांगायला लागले तर गावातली चार लग्नं मोडतील. मी तिला म्हटलं, कोट आण. भाऊजींचे सगळे कोट मी उलटेपालटे करून पाहिले. एक तिकीट नाही, एक चिठ्ठी नाही, लांब केस नाही. अस्तरात थोडं प्लॅस्टर होतं, बस्स. एवढा स्वच्छ खिसा मी दुकानात कधी पाहिला नव्हता. ताईला हायसं वाटलं, आणि मला भूक लागली होती म्हणून आम्ही दोघी जेवायला बसलो.

ते उघडकीला आलं ते आईच्याच दातांमुळे. एकदाचं भाऊजींनी मनावर घेऊन आईचे दात मेणात बसवले होते. ताई दुपारचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेली. भाऊजी दाराकडे पाठ करून बसले होते, समोर फोन टेकवलेला. तिनं हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. दुसऱ्यांदा मारली. टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटलेला होता आणि आईची मेणाची हिरडी त्याच्या अगदी कडेला सरकली होती. मेण वितळून टेबलावर ओघळत होतं, आणि आईचे दात एकेक करून निसटत होते. भाऊजींचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. फोनवर कुठल्यातरी लांबच्या देशात, रिकाम्या मैदानावर, पोरसवदा मुली कसलातरी चेंडूचा खेळ खेळत होत्या.

ताईनं दिवा विझवला. तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"हा कुठला खेळ आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," भाऊजी म्हणाले.

"ह्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"काहीच नाही." आणि मग, ताई म्हणते, त्यांनी ज्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं तशी नजर तिनं कधी पाहिली नव्हती. "पण पुढचा गोल त्या निळ्यांचा व्हायला पाहिजे गं. नाहीतर सगळं गेलं."

निळ्यांचा झाला नाही.

ताईनं त्यांचा फोन घेतला आणि तिथेच खाली बसून बघितला. जे दिसलं ते तिनं मला संध्याकाळी आमच्या दुकानामागच्या गल्लीत सांगितलं. घरात सांगायची सोय नव्हती. चेन, मोटर, आईचे दातांचे पैसे, फळांची टोपलीसुद्धा, सगळ्याचा उगम आणि शेवट त्या फोनवरच्या पैजांमध्ये होता. मी दातओठ खात म्हटलं, "आत्ताच्या आत्ता आईला सांग."

"वेडी आहेस का तू?" ताई म्हणाली. "आई दार लावेल."

मला एकदम ती बुटांची सावली आठवली. आईचा नियम आम्हा दोघींना पाढ्यासारखा पाठ होता. तिच्या घरात व्यसनी माणसाला जागा नाही, मग तो नवरा असो नाहीतर जावई. भाऊजी बाहेर गेले तर ताईही त्यांच्या मागून गेली असती, आणि बाहेर जाऊन भाऊजी काय करतील ह्याचा अंदाज आम्हाला होता. वडिलांनी बाहेर जाऊन काय केलं ते आम्ही ऐकलं होतं.

ताईला अजूनही वाटत होतं की हे व्यसन नव्हे, नाद आहे. समज दिली की सुटेल. तिनं दातांच्या कण्या केल्या. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि फोन कपाटात कुलूपबंद केला. थोडे दिवस बरे गेले. पण त्यांचे हात कापायला लागले, जेवण जाईना, कुणी चमचा पाडला तरी दचकायचे. मग ताईला दातांच्या डॉक्टरांचा फोन आला: दोन पेशंटांनी परस्पर भाऊजींना पैसे दिलेत आणि कवळ्यांचा पत्ता नाही. "पीत नाहीत ना ते?" डॉक्टरांनीही तेच विचारलं. "नसतील पीत तर त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन जा. मनाच्या आजारांचा विभाग आहे तिथे. उशीर करू नका."

आम्ही तिघं गेलो. मला न्यायचं कारण, ताई आणि भाऊजी तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते आणि रिक्षावाल्याशी तरी कुणीतरी बोलायला हवं होतं.

तपासायला एक मध्यमवयीन डॉक्टर बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती, आणि टेबलावर फायलींपेक्षा रुमाल जास्त होते. मला वाटलं होतं त्या रक्त तपासतील, डोक्याचा फोटो काढतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. एकामागून एक साधे प्रश्न विचारत गेल्या, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात.

आधी जेवढ्यात मजा यायची, तेवढ्यात आता येत नाही, म्हणून आकडा वाढवावा लागतो का? लागतो. हरलेलं भरून काढायला लगेच परत खेळावंसं वाटतं का? वाटतं. थांबायचा प्रयत्न केलात तेव्हा चिडचिड झाली, झोप उडाली? भाऊजींनी कापरे हातच पुढे केले. जवळच्या माणसांशी ह्याबद्दल खोटं बोलावं लागलं का?

इथे भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"लागलं," ते म्हणाले. "दुसरं काही बोलतच नव्हतो मी."

"वाईट वाटत असलं, कंटाळा आला, की तेव्हा जास्त खेळता?"

"बरं वाटत असलं तरी खेळतो, बाई."

बाई जराशा हसल्या आणि शिंकल्या. मग त्यांनी विचारलं, "आत्ता बाहेर बाकावर बसला होतात. तेव्हा काय चाललं होतं डोक्यात?"

भाऊजींची मान खाली गेली. "पुढे कुणाला बोलावतील, त्यावर लावत होतो. हिरव्या शर्टवाला की काठीवाले आजोबा. मनातल्या मनात." मग म्हणाले, "आजोबांवर माझं दाढीचं मशीन गेलं."

मला आधी हसू आलं. माझ्या शेजारी बसून हा माणूस मनातल्या मनात घर विकत होता, आणि मी त्याला पाण्याची बाटली देत होते.

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "जुगाराचं व्यसन. स्वभाव वाईट आहे असं नाही, आणि नुसत्या शपथेनं जाणारही नाही. पण उपचार आहेत. यावं लागेल, बोलावं लागेल, पैसे दुसऱ्याच्या हातात द्यावे लागतील."

"पण ते पीत नाहीत," ताई म्हणाली. सगळं ऐकून झाल्यावर पुन्हा तेच. "ओढत नाहीत, खात नाहीत. आमची आई रोज वास घेते त्यांचा."

बाईंनी हातातला रुमाल खाली ठेवला. त्या हसल्या असत्या तर मी भांडले असते, पण त्या हसल्या नाहीत. "ह्याला वास नसतो हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लोक आमच्याकडे एवढ्या उशिरा येतात."

परतीच्या वाटेवर ताई रिक्षात रडली. ती म्हणाली, आईनं एवढा शोधून निर्व्यसनी नवरा दिला, आणि तिचं एवढं मोठं नाक काही कामाला आलं नाही. भाऊजी मधे बसले होते, दोघींच्यामध्ये अंग चोरून.

आईला सांगितलं, बी.पी. आहे. आठवड्यातून एकदा तपासायला जावं लागतं. आईनं जेवणातलं मीठ कमी केलं, आणि सगळं घर जावयाच्या आजारासाठी अळणी जेवायला लागलं. भाऊजींना साधा फोन दिला. पैसे ताईकडे. इस्पितळात त्यांच्यासारखेच आणखी लोक जमायचे आणि गोल बसून बोलायचे. तिथे एक बँकेतले साहेब होते, एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. भाऊजी म्हणायचे, तिथे कुणी "लावा पैज" म्हणत नाही, फार शांत वाटतं. मधे एकदा ते घसरले. पोस्टमास्तरांचा फोन बोलायला म्हणून मागून घेतला आणि ओट्यावरच बसून सगळा दिवस घालवला. ताईनं त्या दिवशी बॅग भरली होती. मग ती बॅग तिनंच रिकामी केली आणि त्यांना घेऊन पुन्हा त्या सर्दीवाल्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, असं होतं, पुन्हा सुरू करा.

आणि ह्या सगळ्यात आई आपली पाव दुधात बुडवून खात होती. गाल आत गेले, बोलणं बोबडं झालं. चारचौघांत जायचं तिनं सोडून दिलं. दात कधी होणार, हे तिनं विचारणंही सोडून दिलं. जावयाला बी.पी. आहे, त्याला त्रास नको. मला तिची सगळ्यात जास्त चीड यायची ती ह्याच गोष्टीची. संशय घेण्यात आयुष्य गेलेली बाई, आणि जिथे घ्यायचा तिथे घेतला नाही.

पोस्टमास्तरांची कवळी झाली, बाकीच्यांच्या झाल्या, आणि शेवटी भाऊजींनी आईचे दात केले. फळीवरच्या तिच्या जुन्या प्लॅस्टरवरच केले. दात फार सुरेख झाले होते. आईनं आरसा मागवला, कवळी तोंडात घातली, ओठ मिटले, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडताच वरची कवळी खटकन खाली पडली. आम्ही हसलो. आईही हसली. तिनं पुन्हा बसवली, पुन्हा खटकन पडली. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही.

भाऊजींनी तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. "जबडा झिजलाय," ते म्हणाले. "दात नसले की हाड आटतं. मी माप घेतलं तेव्हाचं तोंड आता राहिलं नाही." त्यांनी कवळी रुमालात गुंडाळली. "पुन्हा माप घ्यावं लागेल, आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत आई खुर्चीवर बसली. मी वाडगं धरून उभी होते, ताई दारात. भाऊजींनी मापाची पूड पाण्यात कालवली, गुलाबी लापशी झाली, ती त्यांनी पत्र्याच्या वाटीत भरून आईच्या तोंडात वर दाबून धरली. "घट्ट होईपर्यंत हलायचं नाही," ते म्हणाले. "बोलायचं तर अजिबात नाही."

आईनं डोळ्यांनीच बरं म्हटलं.

आणि तिच्या तोंडात दोन बोटं धरलेली असताना, अगदी जवळून, भाऊजी बोलायला लागले. आमचं असं काही ठरलेलं नव्हतं.

"आई, मला बी.पी. नाही. मला व्यसन आहे. जुगाराचं. तुम्ही दातांचे म्हणून दिलेले पैसे त्यात गेले, हिची चेन त्यात गेली. मी रोज तुम्हाला फुंकर मारून दाखवायचो, आणि दाखवताना खिशात फोनवर पैज चालू असायची. इस्पितळात उपचार घेतोय. तिथले डॉक्टर विचारतात, कधी खेळावंसं वाटतं, का वाटतं, थांबता येतं का, आणि मी खरं सांगतो. मधे एकदा घसरलो. आज ठीक आहे. उद्याचं मी कुणाला पैजेवर सांगत नाही आता." त्यांची बोटं हलली नाहीत. "तुमचा नियम मला माहीत आहे. दात बसवून देतो आणि जातो. तेवढं करू द्या."

ताईनं तोंडावर हात दाबला होता. आईचे डोळे भाऊजींच्या तोंडावर खिळलेले, हलत नव्हते. मग तिनं त्यांचं मनगट धरलं, त्यांचा हात बाजूला केला आणि तोंडातली वाटी उपसून काढली. लापशी अजून ओली होती. ती तिच्या हनुवटीवर, पदरावर ओघळली.

"जवळ या," ती म्हणाली.

भाऊजी वाकले, आणि सवयीनं फुंकर मारायला त्यांनी तोंड उघडलं.

"फुंकर नको," आई म्हणाली. "बसा."

ते तिच्या पायाशी स्टुलावर बसले. हनुवटीवरची लापशी वाळत होती, मी पुसायला गेले तर तिनं हात झटकला.

"तिथे डॉक्टर असं सगळं विचारतात? कधी लागतं, का लागतं, थांबता येतं का?"

"विचारतात."

"दारूचं पण?"

"दारूचं पण, आई."

ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नसावे. "त्या दुपारी ते काहीतरी सांगायलाच आले होते," ती म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द ओठांतून सांडत होते. "एरवी दार ठोठावायचे, शिव्या द्यायचे. त्या दिवशी नुसते उभे होते. इतका वेळ." "मी त्यांना फुंकर मारा म्हटलं. बोला म्हटलं नाही."

भाऊजींनी खाली पडलेली वाटी उचलली, आतलं माप उजेडात धरून पाहिलं. अर्धं आलेलं, एका बाजूला ओढलं गेलेलं.

"बिघडलं, आई," ते हळूच म्हणाले. "परत घ्यावं लागेल."

"घ्या की मग," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं.